तारेबाईंच्या गाडीचं झाकण

गल्लीतला अंधार अजून हललेला नसायचा, तेव्हाच शोभना तारे उठायची. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, आणि उपाशी माणूस फार वेळ वाट बघत नाही. उशीर झाला की फोन येतात. आधी गोड आवाजात, मग तक्रारीच्या, आणि शेवटी लॅबमधून. म्हणून ती थंडीतही गार पाण्यानं तोंड धुऊन, वासुदेवरावांचा चहा थर्मासमध्ये भरून, सुया-ट्यूबांचा निळा डबा उचलून बाहेर पडायची. जिन्याखाली गाडी उभी असायची. पांढरी म्हणायची, पण आता तिचा रंग जुन्या चादरीसारखा झाला होता.

गाडी छोटी होती, आणि ज्या कंपनीनं ती बनवली तिनं इथून कधीच गाशा गुंडाळला होता. एका निवृत्त डॉक्टरांकडून वासुदेवरावांनी ती घेतली, तेव्हा ते शाळेत विज्ञान शिकवायचे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या वडिलांच्या दोन खोल्यांच्या घरासमोर पहिल्यांदा स्वतःची गाडी उभी राहिली, तेव्हा वडिलांबरोबर गिरणीत काम केलेले जुने लोक येऊन तिच्या टपावर हात फिरवून गेले होते. वासुदेवरावांनी त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात कधी लागू दिला नाही. दर रविवारी बॉनेट उघडायचं, फडक्यानं इंजिन पुसायचं, ऑइलची पट्टी काढून बघायची, पाणी बघायचं. झाकण उघडायच्या आधी झाकणाभोवतीची धूळ पुसून घ्यायची, नाहीतर ती सरळ इंजिनात जाते, असं ते प्रत्येक वेळी सांगायचे. ऐकायला कुणी नसलं तरी सांगायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पहिल्यांदा कडेचं दिसेना, मग मधलंही अंधुक झालं. औषधं घातली, ऑपरेशन झालं. जेवढं उरलं तेवढं टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि पुढं तेवढंही टिकलं नाही. आता त्यांना खिडकी कुठं आहे ते कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते कळायचं नाही. शाळा तर त्याआधीच बंद पडली होती. मराठी शाळेत घालायला मुलंच उरली नव्हती.

शोभना गाडी शिकली ती तेव्हा. केस पांढरे व्हायला लागले होते आणि शेजारी आंधळा होत चाललेला नवरा बसून ओरडत होता, "क्लच! अगं क्लच सोड हळू!" त्यांना रस्ता दिसत नव्हता, पण इंजिनाच्या आवाजावरून तिच्या पायांचं सगळं कळत होतं. तिला कितीदा वाटलं, गाडी विकून टाकावी. लेक मधुरिमा नागपूरला असते, ती तर प्रत्येक फोनवर तेच म्हणायची. पण स्कूटरवर शोभनाची कंबर धरायची आणि डबा सांभाळून बसमध्ये चढणं जमायचं नाही. गाडी राहिली.

खरं तर हे दारोदार फिरायचं काम तिचं नव्हतंच. ती बड़ा गणपतीजवळच्या रेल्वे क्लार्कची मुलगी, बी.एस्सी. झालेली, लॅबचा डिप्लोमा केलेली. लग्नाआधीपासून ती एका जुन्या डॉक्टरांच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसायची. काचेवर पसरलेलं रक्त, त्यातल्या जांभळ्या पेशी. मान मोडून यायची, पण काम आवडायचं. डॉक्टर गेले. त्यांच्या मुलानं लॅब एका मोठ्या लॅबला देऊन टाकली. नव्या लॅबमध्ये पेशी मोजायला मशीन होतं आणि मशीनपुढं बसायला मुली होत्या. इन्चार्ज पलक, वयानं मधुरिमापेक्षाही लहान, खुर्ची पुढं करत म्हणाली होती, "मैम, आपका हाथ इतना हल्का है. पेशंट लोग आपको ही माँगते हैं. होम कलेक्शन आप संभालो ना." त्यात खोटं काहीच नव्हतं. शोभनाचा हात खरंच हलका होता. म्हणून तिला वाईट वाटलं तरी रागावता आलं नाही.

तेव्हापासून तिचा दिवस असा. पहाटे निघायचं, विजय नगरच्या उंच इमारतींमध्ये जायचं, लिफ्टनं वर, दंडाला पट्टा, सुई, कापूस, लिफ्टनं खाली. गाडी चालू, पुढची गल्ली, गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. घरोघरी लोक मागचे रिपोर्ट पुढं करून विचारायचे, "मैडम, ये ठीक है ना?" ती सांगायची, डॉक्टरांना दाखवा. दुपारी घरी यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे, आणि वासुदेवराव दारात उभे असायचे. गाडी कोपऱ्यावर वळली की त्यांना ऐकू यायची.

त्या वर्षी पौषात इंदूरला थंडी जरा जास्तच पडली. एका शनिवारी संध्याकाळी वासुदेवराव गाडीपाशी बसले होते. डोळे गेले तरी आठवड्याचं पुसणं त्यांनी सोडलं नव्हतं, हातांनी चाचपून करायचे. त्यांनी ऑइलचं झाकण फिरवून काढलं, आतून बोट फिरवलं आणि हाक मारली.

"शोभा, इकडे ये जरा. हे बघ काय आहे."

ती पोळ्या टाकून बाहेर आली. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढुरका, ताकासारखा घट्ट फेस बसला होता.

"पांढरं आहे," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात गॅरेजवाल्या निखिलनंपण दाखवलं होतं. म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, पानी ऑइल में जा रहा है. इंजिन खोलावं लागेल."

"निखिलला काय, त्याला इंजिन खोलायचंच असतं." वासुदेवरावांनी बोट नाकाशी नेलं. "पाणी कमी होतंय का गाडीचं? नाही ना? मी रोज विचारतो तुला. पट्टीवरचं ऑइल पांढरं आहे का? तेपण नाही. मग गॅस्केट नाही गेलं. गाडी पुरती तापतच नाही, म्हणून होतंय हे. तू पाच मिनिटं चालवतेस, बंद करतेस. आतली वाफ बाहेर पडत नाही, थंडीत झाकणाला चिकटून बसते. आणि ही रबरची रिंगपण बघ, लाकडासारखी झालीय. एकदा लांब न्यायला हवी गाडी. उद्या रविवार आहे. महूच्या पुढं, मानपूरपर्यंत जाऊन येऊ."

"उद्या मी झोपणार आहे."

"अगं, दोन-तीन तासांचा तर प्रश्न."

शोभना तिथंच उभी राहिली. आत तवा तापत होता. तिला तो फेस, ते झाकण, दारातली ती थंडी, सगळ्याचाच एकदम कंटाळा आला. "ऑइल बघ, पाणी बघ, हवा बघ," ती म्हणाली. "झाकण घट्ट लावलंस का, ते बघ. दिवसभर लोकांचं रक्त काढते मी. घरी आल्यावर गाडीचीपण नाडी धरू? तुम्हाला दिसत नाही म्हणून काय सगळं मीच बघायचं का?"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. वासुदेवरावांनी झाकण पुसलं, चाचपत जागेवर बसवलं, फिरवलं. "पोळी करपतेय," एवढंच म्हणाले.

रविवारी लॅबचा फोन आलाच. एका पेशंटचं अर्जंट होतं, मग आणखी एकाचं. रविवारची सुट्टी अशीच हळूहळू झिजत आली होती. शोभना जाऊन आली, दुपारी झोपली, आणि उठली तेव्हा डोकं जास्तच जड होतं. दोघं दिवसभर एकमेकांशी भाजीचं आणि गॅस सिलेंडरचं बोलले.

सोमवारी पहाटे ती जिन्याखाली आली. रोज या वेळी घरातून आवाज यायचा, "झाकण घट्ट आहे ना? पट्टी बघितलीस?" तो आवाज ऐकायचा तिला इतका वैताग होता. त्या दिवशी आला नाही. तिनं स्वतःहूनच बॉनेट उघडलं, मोबाइलच्या उजेडात पट्टी काढून पुसून पुन्हा घातली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. डिकीत डबा होता. तिनं झाकण काढून बॅटरीच्या कडेला ठेवलं आणि बारीक धारेनं ऑइल ओतायला लागली. एवढ्यात फोन वाजला.

"मैडम, कब तक आओगे? पापाजी को चक्कर आ रहे हैं, रात से कुछ खाया नहीं."

"निकल गई हूँ, बस पहुँच ही रही हूँ," शोभना म्हणाली. असं रोजच म्हणावं लागायचं. तिनं घाईघाईनं डब्याला बूच लावलं, बॉनेट आपटलं, हात पुसले आणि निघाली.

विजय नगरच्या वाटेवरच जळका वास यायला लागला. तिला वाटलं, चौकात कुणी शेकोटी पेटवली असेल. काच वर केली तरी वास गेला नाही. पण पापाजींचं डोक्यात होतं, ती थांबली नाही. इमारतीच्या आवारात गाडी लावून ती आठव्या मजल्यावर गेली, पापाजींचं रक्त घेतलं, त्यांना बिस्किट खायला लावलं. त्याच मजल्यावर कृष्णराव म्हणून पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले गृहस्थ होते. त्यांचीही तपासणी होती. कृष्णरावांना मराठी बोलायला कुणी मिळत नसे, म्हणून शोभना आली की ते खूष व्हायचे. तिनं पट्टा बांधला तेव्हा ते हसत म्हणाले, "ताई, आज तुमच्याकडून गॅरेजचा वास येतोय."

"गाडी जुनी आहे हो," ती म्हणाली. हात तिनं साबणानं दोनदा धुतले होते.

ती खाली आली तर वॉचमन गाडीपासून चार हात लांब उभा राहून वाट बघत होता. "मैडम, धुआँ निकल रहा था. मैंने तो सोचा आग लग गई."

शोभनानं बॉनेट उघडलं. ऑइल सगळीकडे उडालं होतं. इंजिनावर, वायरींवर, बॉनेटच्या आतल्या बाजूला काळे ओघळ आले होते. गरम नळीवर पडलेलं ऑइल अजून धुमसत होतं. इंजिनाच्या डोक्यावरचं ते भोक उघडं होतं. झाकण बॅटरीच्या कडेला नव्हतं. खाली वाकून बघितलं, तिथंही नव्हतं. परदेशीपुरा ते विजय नगर, कुठल्या खड्ड्यात उडून पडलं कोण जाणे.

ती तिथल्या पायरीवर बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही. डोकं नुसतं रिकामं झालं होतं. मागच्या गल्लीत दोन पेशंट उपाशी बसले होते. डब्यातलं रक्त वेळेत पोचायला हवं होतं. तिनं पलकला फोन लावला.

"मैम, आप कैब ले लो ना," पलक म्हणाली.

"और गाड़ी?"

"गाड़ी वहीं छोड़ दो."

वॉचमननं ते ऐकलं आणि मान हलवली. बाहेरची गाडी आवारात ठेवायची परवानगी नव्हती, आणि ऑइल गळणारी तर मुळीच नव्हती. फरशीवर पडलेले डाग बघून त्याचाच जीव खालीवर होत होता. शेवटी त्यानंच जुने पेपर आणून दिले. इंजिन थंड होईपर्यंत थांबून शोभनानं नळीवरचं, वायरींवरचं ऑइल पुसून काढलं. पट्टी बघितली. ऑइल खालच्या खुणेपाशी होतं, डब्यातलं उरलेलं ओतल्यावर वर आलं. आता भोक झाकायचं कशानं? फडकं कोंबावं असं पहिल्यांदा मनात आलं, आणि लगेच वासुदेवरावांचा आवाजही आठवला. फडकं आत गेलं की इंजिन गेलं.

तिनं निळा डबा उघडला. आत हातमोज्यांची खोकी होती. एक रबरी हातमोजा काढून तिनं त्याचं मनगट त्या भोकाच्या काठावर ताणून चढवलं आणि रक्त घेताना दंडाला बांधायचा पट्टा त्यावरून दोन वेढे देऊन आवळला. बसला. ती गाडीत बसली, चावी फिरवली आणि बघायला पुन्हा पुढं आली.

मोजा हळूहळू फुगत होता. आधी तळवा भरला, मग एकेक बोट उभं राहिलं, आणि इंजिनाच्या थरथरीबरोबर तो पांढरा हात तिथं उभा राहून हलायला लागला.

"अरे बाप रे," वॉचमन म्हणाला, "मैडम, ये तो टाटा कर रहा है."

शोभनाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि आलं ते असं वेड्यासारखं आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वॉचमन थोडा घाबरलाच. तिनं बॉनेट लावलं आणि ती हळू, अगदी सायकलच्या चालीनं निघाली. दोन्ही पेशंटची बोलणी खाल्ली, रक्त घेतलं. एका ठिकाणी मोजा फाटला, दुसरा लावला. लॅबमध्ये पोचली तेव्हा पलकनं तिच्या साडीवरचे काळे डाग बघितले आणि पाण्याचा ग्लास पुढं केला.

झाकण मिळेल, त्यात काय एवढं, असं तिला वाटत होतं. पण स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गल्लीत पहिल्या दुकानदारानं गाडीचं नाव ऐकूनच हात जोडले. दुसऱ्याकडे एक झाकण होतं, ते गोल गोल फिरायचं आणि कुठंच धरायचं नाही. तिसऱ्याकडच्या झाकणाची रिंग एवढी जाड की खाचेत बसायलाच तयार नाही. दुकानातला पोरगा पाना घेऊन ते आवळायला निघाला, तसं तिनं त्याला थांबवलं.

"भैया, पाना मत लगाओ. टूट जाएगा."

"तो फिर दीदी, नहीं बैठेगा."

शेवटच्या दुकानातल्या म्हाताऱ्या सेठनं चष्मा वर करून विचारलं, "इस गाड़ी को अभी तक चला कौन रहा है?" आणि मागच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडे जायला सांगितलं. तिथं तिच्याच गाडीची एक बहीण चाकं काढून विटांवर बसवलेली होती. तिच्यावरून भंगारवाल्यानं झाकण काढून दिलं. काळं, चिकट, आणि रिंग नसलेलं. खाचेत मात्र ते बरोबर बसलं. रिंगशिवाय घट्ट होणार नव्हतं, म्हणून तिनं त्यावरून चिकटपट्टी गुंडाळली आणि घरी आली. दुपार टळून गेली होती.

वासुदेवराव दारात उभे होते. "गाडी कण्हतेय आज," ते म्हणाले. "काय झालं?"

ती पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. फोन, बॅटरीची कडा, धूर, मोजा, दुकानं. सांगताना तिनं मनाशी तयारी करून ठेवली होती, की आता भाषण होणार. धूळ का पुसली नाहीस, झाकण नेहमी हातात धरायचं असतं, घाई कशाला करायची. ते सगळं खरं होतं आणि ते ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

वासुदेवराव चाचपत तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "सकाळी जाग होती मला. मुद्दाम नाही विचारलं."

"विचारलं असतं तरी मी चिडलेच असते."

"हो, पण झाकण तर लागलं असतं." असं म्हणून त्यांनी हात पुढं केला. "दे, बघू."

पुढचे दोन-तीन दिवस ती रिक्षानं फिरली आणि संध्याकाळी वासुदेवराव झाकण घेऊन बसले. रॉकेलमध्ये भिजवून, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासून त्यांनी ते इतकं साफ केलं की बोट फिरवलं की आवाज यायचा. त्यांच्याकडे एका डब्यात वर्षानुवर्षांच्या रबरी रिंगा होत्या. पंपाच्या, नळाच्या, कसल्या कसल्या. त्यांतली एकेक काढून ते बोटांत दाबून बघायचे, वाकवून बघायचे. "ही नळाची, ऑइलमध्ये फुगेल. ही वाळली. ही बारीक." शोभना समोर बसून मटार सोलायची. मध्येच तिनं टॉर्च लावून त्यांच्या हातावर धरला, आणि मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन बंद केला. त्यांना कळलंच नाही, किंवा कळून ते बोलले नाहीत.

शेवटी एक रिंग बसली. त्यांनी तिला ऑइलचं बोट लावलं, झाकण जागेवर ठेवलं, पाव वळसा फिरवलं. कट् असा आवाज झाला.

"ऐकलंस?" वासुदेवराव म्हणाले. त्यांचा चेहरा बघून शोभनाला त्यांचे वर्गातले दिवस आठवले, फळ्यासमोरचे. "पण हे चालवून बघायला हवं. गरम झाल्यावर गळतं की नाही, ते उभ्या गाडीत कळायचं नाही." मग ते थांबले. "तुझ्या सोयीनं बघ. घाई नाही."

रविवारी सकाळी तीच म्हणाली, "चला, आटपा. जाऊन येऊ मानपूरला."

"तू झोपणार होतीस ना?"

"इथं कोण झोपू देतंय?"

तिनं डब्यात पोहे भरून घेतले, वर शेव टाकली. महू मागं पडलं तशी वर्दळ विरळ झाली. हरभऱ्याची शेतं दोन्ही बाजूंना पसरली होती, उन्हात ऊब आली होती. शोभनाला आठवेना, इतका वेळ एकदाही न थांबता आपण शेवटची गाडी कधी चालवली. वासुदेवराव कान देऊन बसले होते. "आता सूर लागला," ते एकदा म्हणाले. तिला त्यांनी क्लचचं सांगितलं नाही.

घाट लागायच्या आधी एका मोठ्या झाडाखाली तिनं गाडी बाजूला घेतली. पाणी प्यायचं, पोहे खायचे आणि झाकण बघायचं, असं ठरलं होतं. इंजिन जरा थंड होऊ दे, तोवर दोन मिनिटं डोळे मिटते, असं म्हणून तिनं मान मागं टेकली.

जाग आली तेव्हा सावली गाडीवरून सरकून पलीकडे गेली होती. शेजारची सीट रिकामी होती. ती दचकून उठली. बॉनेट उघडं होतं आणि वासुदेवराव त्याच्यापुढं वाकून उभे होते, एक हात बंपरवर ठेवून, दुसऱ्या हाताचं बोट झाकणाभोवती फिरवत.

"अहो, ट्रकचा रस्ता आहे! कसे उतरलात एकटे?"

"गाडी धरून धरून." त्यांनी बोट तिच्यापुढं केलं. "बघ, ओलं आहे का?"

बोट काळं होतं पण कोरडं होतं. किंचित ओशट, एवढंच. तिनं तसं सांगितलं. "किंचित चालतं," ते म्हणाले. "आतून बघितलं मी. फेस पुष्कळ कमी झालाय. एकदोनदा असं आणलं की जाईल."

"किती वेळ झोपले मी?"

"झोपलीस, ते महत्त्वाचं. तुझा फोन आला होता. मी उचलला."

शोभनानं फोनसाठी हात पुढं केला. "कुणाचा?"

"ती पलक. कुणाचं तरी अर्जंट म्हणत होती. मी म्हटलं, बेटा, मैडम सो रही हैं, बहुत थक गई हैं, मैं नहीं उठाऊँगा. म्हणाली, अंकल, सोने दो, मैं किसी और को भेजती हूँ."

"असं कसं सांगितलंत तुम्ही? माझ्या कामाचं मी बघते ना." ती चिडली होती, आणि चिडता चिडताच तिला कळत होतं की उद्या आपण पलकशी रविवारचं बोलायला हवं, आणि बोललं तर ते जमेल. गेली दोन वर्षं आपणच कधी नाही म्हटलेलं नाही. तिनं बॉनेट लावलं, नवऱ्याचा हात धरून त्यांना सीटवर बसवलं आणि पोह्यांचा डबा उघडला. पोहे गार होऊन बसले होते. दोघांनी ते एकाच चमच्यानं खाल्ले, कारण दुसरा चमचा आणायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती पलकशी बोलली. पलक "देखते हैं मैम" म्हणाली, आणि तिनं खरंच बघितलं. महिन्यातले दोन रविवार शोभनाकडे राहिले, बाकीचे दुसऱ्या कुणाकडे गेले. विजय नगरच्या इमारती मात्र तिच्याकडेच राहिल्या, लिफ्ट आणि सुया आणि उपाशी माणसं तशीच राहिली. फाल्गुनात ऊन चढलं तेव्हा झाकणाचा उरलासुरला फेसही गेला. निखिलनं इंजिन ऐकून सांगितलं की पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, म्हणून तो मोजा तसा फुगला होता. चालेल तोवर चालवा. वासुदेवरावांच्या उजव्या डोळ्यातला खिडकीचा उजेडही त्या उन्हाळ्यात कमी झाला. मोकळ्या रविवारी कधी ते दोघं गाडी लांब नेतात, कधी शोभना दुपारपर्यंत झोपते आणि ते हळू आवाजात रेडिओ लावून बसतात.